ऐनाची वाटणी

वादळानंतर तिसऱ्या दिवशी कळलं,
देवराईतला ऐन आडवा झालाय.
मुळं गडग्याच्या आत, देवाकडं,
शेंडा बाहेर, बंदराच्या रस्त्यावर,
आणि मधे गडग्याचे चार चिरे पोटाखाली घेऊन
म्हशीसारखा बसलेला.

आमच्याकडं उभ्या झाडाला मालक असतो,
सातबारा असतो,
विरारला राहणारा चुलत दीर असतो.
पडलेलं झाड
ज्याची कोयती आधी पोचेल त्याचं.
पण हे देवाचं.
राईतली काडी घरात आणली
तर चूल धुमसते, पेटत नाही म्हणतात.
मी कधी आणून पाहिली नव्हती.

म्हणून कोयत्या घेऊन सगळ्या नुसत्याच उभ्या.
जैबून मुकादम तर डोक्यावर चुंबळ ठेवूनच आलेली.
म्हणाली, तुमचा देव, तुम्ही विचारा.
मी तोवर पाला काढते, शेळीला.

सोनू गुरव आला.
चष्म्याची एक दांडी दोऱ्यानं बांधलेली.
त्यानं पाषाणाला पाकळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं.
आधी डावी पडली.
मग बराच वेळ काहीच पडलं नाही.
मग उजवी,
तीही वाऱ्यानं पडल्यासारखी.
सोनू झाडाकडं बघत राहिला, मग म्हणाला,
"गडग्याच्या आत देवाचं.
भायेर ज्येंच्यावर सावली पडत व्हती
त्येंचं."

हे देव बोलला की सोनू,
कोणी विचारलं नाही.
त्याच्याही घरी बंब आहे.

शिगवणांच्या पोरानं मशीन आणलं,
पेट्रोलला आम्ही वीस-वीस रुपये काढले.
मगरीच्या पाठीसारखी साल,
आत मात्र तांबूस, ओली,
वास थोडा चिंचेच्या पाण्यासारखा.
गडग्याच्या रेषेत अगदी सरळ कापला त्यानं,
देवाच्या बाजूला बोटभर जास्तच सोडून.

अकरा मोळ्या माझ्या वाट्याला.
माडाचा सोट नुसता धुरकटतो,
सुरू तडतडतो, अंगावर ठिणग्या उडवतो,
रायवळ आंब्याची राखच फार,
फणस जाळायचा जीव होत नाही.
ऐन मात्र समजूतदार.
एकदा धरला की रात्रभर
बोलल्याशिवाय जळतो.

माझ्या दारात पाटी आहे:
'चुलीवरचं घरगुती जेवण मिळेल.'
पुण्याचे लोक येतात,
धुरात उभं राहून डोळे पुसत फोटो काढतात.
आम्ही घरचे गॅसवर जेवतो.
सिलेंडर संपला
की आम्हीही पाटीवरचे होतो.

एक ओंडका तेवढा जाळला नाही.
त्यात ढोली, ढोलीच्या तोंडाशी
चिखलानं लिंपलेली भिंत, अर्धी फोडलेली.
ककणेरनं मादीला आत कोंडून घेतलं होतं फाल्गुनात.
फोडून गेली की काय, कधी गेली,
पिल्लं घेऊन गेली का,
आत हात घालून पाहिलं:
चार जांभळाच्या बिया आणि पिसांचा भुगा.
ओंडका पडवीत टेकवून ठेवला.
आता त्यात माझी तपकिरी कोंबडी अंडी घालते.
तिला मागचं काही ठाऊक नाही.

देवाच्या वाट्याचं लाकूड अजून तिथंच.
पावसात त्यावर पांढऱ्या छत्र्या उगवल्या,
कोणी तोडल्या नाहीत.
वाळवी खाते, सावकाश,
तिला कौल लागत नाही.

आणि आमच्या वाट्याचं दिवाळीलाच संपलं.

परवा बंदरावरून येताना
मी आणि जैबून त्या वळणावर थांबलो,
पायच थांबले आपले.
पाट्या खाली ठेवल्या, पदर सोडला,
बांगड्याचं पाणी रस्त्यावर ठिबकत होतं
आणि ठिबकता ठिबकता वाळत होतं.
दोघींनी एकदमच वर पाहिलं.

"जळली मेली सावली,"
जैबून म्हणाली,
आणि म्हटल्यावर तिच्या लक्षात आलं.

मग आम्ही एकमेकींच्या पाट्या
डोक्यावर चढवल्या.